शाळाप्रमुख, सहकारी आणि विनय : कचारगडच्या पायथ्याशी एक अभ्यास

माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून दरेकसा स्थानकावर उतरणाऱ्यांची रीघ लागते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा दूरदूरच्या प्रदेशांतून गोंड बांधव सहकुटुंब येतात, एकमेकांना ‘जय सेवा’ म्हणतात आणि धनेगावच्या वाटेने कचारगडच्या गुहेकडे चालू लागतात. सालेकसा तालुक्याच्या या डोंगररांगेत वर्षाचे इतर दिवस शांततेत जातात. यात्रेच्या दिवसांत मात्र सारा डोंगर माणसांनी बोलू लागतो.

याच पौर्णिमेला आपल्या विहारांतही वंदना होते. भगवान बुद्धांनी वैशाली येथे आपल्या महापरिनिर्वाणाची घोषणा केली ती माघ पौर्णिमेला, अशी परंपरा आहे. थायलंडसारख्या थेरवादी देशांत हा दिवस आणखी एका कारणासाठी पाळला जातो. राजगृहाच्या वेळुवनात साडेबाराशे भिक्खू कोणी न बोलावता एकत्र जमले आणि बुद्धांनी त्यांना वर्तनाचा सारांश सांगितला, तो हा दिवस. कोणाची निंदा करू नये, कोणाला इजा करू नये, नियमांत संयमाने राहावे, आहारात मात्रा ओळखावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. एका मोठ्या समूहाने एकत्र राहायचे तर परस्परांशी कसे वागायचे, हाच त्या सभेचा विषय होता.

इतिहासाचा विद्यार्थी आणि निवासी शाळेतला जुना शिक्षक या दोन्ही नात्यांनी मला या योगायोगाने नेहमीच विचारात पाडले आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शालेय नेतृत्व आणि कर्मचाऱ्यांचे वर्तन’ या विषयावर लिहिण्याची सूचना केली, तेव्हा प्रशिक्षण वर्गातील टिपणे बाजूला ठेवून मी आधी कचारगडची कथा आठवली. या कथेत एक आश्रम आहे, खोडकर मुले आहेत आणि त्यांना दिलेली एक शिक्षा आहे.

या कथेचे पाठ अनेक आहेत. गोंडी भाषा आणि संस्कृतीचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली यांनी आपल्या ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या ग्रंथात कोया पुनेमाची मांडणी विस्ताराने केलेली आहे, जिज्ञासूंनी ती मुळातून पाहावी. या परिसरात सांगितला जाणारा कथेचा गाभा थोडक्यात असा. कली कंकालीची तेहतीस मुले जंगो रायताडच्या आश्रमात वाढत होती. मुले उपद्रवी निघाली. त्यांच्या वागण्याला कंटाळून त्यांना गुहेत कोंडण्यात आले आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा लावण्यात आली. पुढे पारी कुपार लिंगो तेथे आले. हिरासुका पाटालीर याने किंगरी वाजवून गीत म्हटले, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ आले आणि सर्वांनी मिळून शिळा ढकलली. शिळा सरकली, मुले बाहेर आली. पण त्याच शिळेखाली हिरासुकाचा अंत झाला. त्यानंतर लिंगोंनी त्या मुलांना शिकवले, शिष्य केले आणि त्यांच्या हातून पुनेमाची व्यवस्था उभी राहिली.

गोंड बांधवांच्या श्रद्धेला माझ्या तराजूत घालण्याचा मला अधिकार नाही. तरीही शिक्षक म्हणून मला या कथेत एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुलांविषयीची तक्रार खोटी नव्हती. ती खरोखरच त्रास देत होती. चूक झाली ती तक्रारीला दिलेल्या उत्तरात. शिळा लावणे एका क्षणाचे काम होते. ती काढताना मात्र एका निरपराध माणसाचा जीव गेला, आणि तो माणूस शिक्षा देणाऱ्यांपैकी नव्हता. लिंगो मुलांना मोकळे करून निघून गेले नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. खरे काम मुले बाहेर आल्यानंतर सुरू झाले.

आपण शाळेतील शिस्तीविषयी बोलतो तेव्हा बहुधा मुलांच्या शिस्तीविषयी बोलतो. मोठ्यांच्या शिस्तीविषयी बोलायला आपण कचरतो. दिवसाच्या शाळेत एखादा शिक्षक तापट असला, उशिरा येणारा असला, तरी मूल सायंकाळी आईजवळ जाते. निवासी शाळेत मूल रात्रीही तेथेच असते. अधीक्षकाचा आवाज, स्वयंपाकघरातील कुरबूर, दोन शिक्षकांमधील अबोला, पहारेकऱ्याची झोप हे सारे त्याच्या घराचे वातावरण होते. म्हणून निवासी शाळेच्या प्रमुखाने सहकाऱ्यांचे वर्तन कसे हाताळावे हा केवळ आस्थापना विभागाचा प्रश्न राहत नाही.

कोसंबीचे भांडण

या प्रश्नावर आपल्या परंपरेत एक अत्यंत बोलके प्रकरण नोंदलेले आहे. विनयपिटकातील महावग्गाचा दहावा खंधक कोसंबीच्या भांडणाविषयी आहे. अट्ठकथेत त्याचे मूळ कारण दिले आहे, आणि ते वाचून कोणत्याही मुख्याध्यापकाला ओळखीचे हसू येईल. एक धम्मकथिक भिक्खू शौचालयातील भांड्यात पाणी तसेच ठेवून बाहेर आला. विनयाचा जाणकार असलेल्या दुसऱ्या भिक्खूने ते पाहिले आणि हा दोष आहे असे सांगितले. पहिला म्हणाला, “मला ठाऊक नव्हते, दोष असेल तर मान्य करतो.” दुसरा म्हणाला, “हेतू नव्हता ना? मग दोष नाही.” प्रकरण इथे संपायला हवे होते.

पण विनयधराने ही गोष्ट आपल्या शिष्यांना सांगितली. शिष्यांनी ती दुसऱ्याच्या शिष्यांना टोमणा म्हणून ऐकवली : तुमच्या आचार्यांना स्वतःचा दोषही कळत नाही. ते ऐकून धम्मकथिक संतापला : आधी दोष नाही म्हणणारा आता दोष आहे म्हणतो, म्हणजे तोच खोटारडा. मग विनयधराच्या गटाने संधी साधून त्याच्यावर उत्क्षेपणीय कर्म केले, म्हणजे आजच्या भाषेत त्याला निलंबित केले. पाण्याच्या एका भांड्यावरून संघाचे दोन तुकडे झाले. शिक्षक-खोलीत बसून चहा घेताना मला हे प्रकरण कितीदा आठवले आहे, ते सांगत नाही.

बुद्धांनी यात काय केले ते पाहण्यासारखे आहे. निलंबन करणाऱ्यांकडे जाऊन त्यांनी सांगितले की, आपल्याला वाटले एवढ्यावरून कोणाला निलंबित करू नका; त्यातून संघ फुटेल याचे भान ठेवा. निलंबिताच्या बाजूच्यांकडे जाऊन त्यांनी उलट बाजू सांगितली : इतरांचा विचार करून दोष मान्य करण्यात कमीपणा मानू नका. एकाच भांडणात दोन पक्षांना दोन वेगवेगळे उपदेश! तक्रार करणाऱ्याला त्यांनी परिणामाची जाणीव दिली आणि ज्याच्यावर तक्रार होती त्याला कबुलीचा मार्ग दाखवला. ‘तुम्ही दोघेही चुकलात, आता हात मिळवा’ असे सांगून बैठक उरकणारे प्रमुख आपण पाहिले आहेत. बुद्धांनी तसे केले नाही.

तरीही भिक्खू ऐकेनात. ‘भगवंतांनी निश्चिंत असावे, आमचे आम्ही पाहून घेऊ’ असे त्यांनी शास्त्यालाच सुनावले. तेव्हा बुद्ध कोसंबी सोडून पारिलेय्यक वनात गेले. पुढे निर्णायक पाऊल उचलले ते कोसंबीच्या उपासकांनी. या भिक्खूंमुळे भगवान निघून गेले हे लक्षात येताच त्यांनी भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले. उपाशी पोटांनी भिक्खू श्रावस्तीला निघाले. भांडखोर येत आहेत असे कळल्यावर त्यांना कसे वागवावे, असे सारिपुत्तांनी विचारले. निवासाची सोय वेगवेगळी करावी, मात्र अन्न दोन्ही गटांना सारखेच वाटावे, असा बुद्धांचा आदेश होता. अखेर निलंबित भिक्खूने स्वतः विचार करून दोष मान्य केला, त्याला पुन्हा सामावून घेण्यात आले आणि संघाचे ऐक्य रीतसर ठराव करून घोषित झाले.

अन्न सारखे वाटावे, या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्याची रजा अडवणे, वेतनवाढीची फाईल दाबून ठेवणे, त्याला मुद्दाम अडचणीचे वेळापत्रक देणे, या गोष्टी कोणत्याही नियमात शिक्षा म्हणून लिहिलेल्या नाहीत. तरीही त्या घडतात. गट वेगळे ठेवता येतात. ताट वेगळे ठेवता येत नाही.

आरोप आधी, दंड नंतर

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू संघाचा उल्लेख केला होता. बैठकव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव, एकदा निकाली निघालेले प्रकरण पुन्हा न उकरणे, हे सारे संसदीय संकेत संघाला ज्ञात होते, हे त्यांनी देशाला सांगितले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही भिक्खूंच्या अपराधांच्या न्यायचौकशीला त्यांनी स्वतंत्र जागा दिली आहे. धम्म सांगताना चौकशीची पद्धत कशासाठी, असा प्रश्न माझ्या एका माजी विद्यार्थ्याने विचारला होता. ज्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतके चौकशीविना शिक्षाच आली, त्या समाजातून आलेल्या कायदेपंडिताला ती जागा मोकळी सोडता आली नसती, असे मी त्याला म्हणालो. ते उत्तर मला आजही योग्य वाटते.

विनयाची एक खूण मला फार महत्त्वाची वाटते. पातिमोक्खातील भिक्खूंचे २२७ नियम एका बैठकीत लिहिलेले नाहीत. एखादी घटना घडली, तक्रार आली, विचारणा झाली आणि मग नियम ठरला, असा बहुतेक नियमांमागे इतिहास आहे. ज्याच्या वागण्यामुळे नियम करावा लागला, त्या पहिल्या माणसाला मात्र त्या नियमाखाली दोषी धरले जात नसे. नियम जाहीर होण्यापूर्वीच्या कृत्याला त्या नियमाने शिक्षा नाही, हे तत्त्व आधुनिक कायद्यातही आहे. शाळेत आपण काय करतो? जूनमध्ये काही सांगत नाही आणि ऑगस्टमध्ये ज्ञापन काढतो. रात्री किती वाजता वसतिगृहाची फेरी, मुलींच्या वसतिगृहात कोणी व कधी जायचे, साठ्यातून वस्तू काढताना सही कोणाची, हालचाल नोंदवहीत काय लिहायचे, हे सत्राच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवलेले आणि भिंतीवर लावलेले नसेल, तर नंतरचे ज्ञापन हा प्रमुखाचा राग ठरतो.

महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. शिक्षकांना ती पगाराच्या प्रश्नापुरती आठवते आणि व्यवस्थापनाला कोणाला काढायचे असले की आठवते. वस्तुतः तिच्यातील चौकशीची रचना प्रत्येक प्रमुखाने शांत डोक्याने वाचायला हवी. गंभीर शिक्षेपूर्वी दोषारोप लेखी द्यावे लागतात, खुलाशाची संधी द्यावी लागते, चौकशी समिती नेमावी लागते. ही समिती तिघांची असते : एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून निवडलेला आणि एक सदस्य खुद्द त्या कर्मचाऱ्याने सुचवलेला. चौकशी साधारणपणे १२० दिवसांत पुरी व्हावी अशी अपेक्षा आहे. बडतर्फीसारख्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुख्याध्यापकावरच आरोप असेल तर त्यालाही आपल्या बाजूचा सदस्य निवडता येतो. विनयातील ‘सम्मुखविनय’, म्हणजे ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याच्या समोरच तो घेणे, याहून हे वेगळे काय आहे?

प्रकरण समितीपर्यंत जाणे हा क्वचितच येणारा प्रसंग. रोजचा प्रश्न साध्या समजावणीचा असतो, आणि तेथे विनय अधिक उपयोगी पडतो. दुसऱ्याचा दोष काढण्यापूर्वी भिक्खूने आधी स्वतःची कायिक व वाचिक शुद्धता तपासावी, मग पाच गोष्टी मनात धराव्यात असे चुल्लवग्गात सांगितले आहे : योग्य वेळी बोलेन, जे घडले तेच बोलेन, मृदूपणे बोलेन, हिताचे बोलेन, मैत्रीभावाने बोलेन. या पाचांपैकी पहिलीच गोष्ट आपण बहुधा मोडतो. परिपाठाच्या रांगेत, मुलांसमोर, उशिरा आलेल्या शिक्षकाला ‘या, साहेब’ म्हणणारा प्रमुख त्या क्षणी मुलांना काय शिकवतो, याचा हिशेब कोणत्या नोंदवहीत लिहिला जात नाही.

माझा एक दोष

हा लेख लिहिताना मी निर्दोष असल्याचा आव आणला तर माझे जुने सहकारी हसतील. म्हणून एक प्रसंग सांगतो.

अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत, काही महिने अधीक्षकाचा कार्यभार माझ्याकडे होता. महिनाअखेर साठा नोंदवही तपासताना तेलाचे दोन डबे कमी भरले. मी नोंदवही हातात घेऊन तडक भोजनगृहात गेलो. मुले जेवत होती. स्वयंपाक करणाऱ्या मावशी वरण वाढत होत्या. सर्वांसमोर मी त्यांना विचारले, “तेल कुठं जातं, मावशी? घरी तर जात नाही ना?” त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातातील पळी वरणाच्या गंजात ठेवली आणि पदराने हात पुसला. मुले ताटाकडे पाहत राहिली.

दोन दिवसांनी माझ्याच टेबलाच्या खणात एक चिठ्ठी सापडली. शाळेच्या एका कार्यक्रमाच्या भोजनासाठी ते दोन डबे मीच काढून दिले होते आणि नोंद करायची राहून गेली होती. मी मावशींना कार्यालयात बोलावले, दार लोटून घेतले आणि क्षमा मागितली. त्या ‘बरं सर’ म्हणाल्या आणि गेल्या. मला हलके वाटले. एका वयस्कर सहकाऱ्यांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आरोप पंगतीत केलात आणि क्षमा बंद खोलीत मागितलीत.” दुसऱ्या दिवशी परिपाठाला, सर्व मुलांसमोर, चूक माझ्या नोंदीची होती हे मी सांगितले. ते सांगताना आवाज कापला, हे मान्य करायला हवे. वरच्या वर्गातील एका मुलीने त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे सरळ पाहिले नव्हते, आणि त्या दिवसानंतर ती पुन्हा शंका विचारायला येऊ लागली. मावशींनी मात्र नंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले.

कागद बोलतो, म्हणून कागद आधी तपासावा, हा व्यवहाराचा भाग मी तेव्हा शिकलो. त्याहून कठीण भाग वेगळा होता. माझ्या हाताखालच्या सर्वांत कमी पगाराच्या व्यक्तीवर मी शंका घेतली होती. ती शंका प्रथम वर का गेली नाही, हा प्रश्न आमच्यासारख्या, स्वतः खालच्या पायरीवरून आलेल्या माणसालाही टोचायला हवा. डबे हरवले की कामाठी आणि स्वयंपाकी आठवतात, पुस्तके हरवली की शिपाई आठवतो. जातीची उतरंड अशी नकळत पदांच्या उतरंडीत शिरते.

तृणाने काय झाकता येत नाही

विनयात वाद मिटवण्याचे सात मार्ग आहेत. त्यांतील शेवटचा ‘तिणवत्थारक’, म्हणजे तृणाने झाकणे. दोन्ही गटांकडून इतके काही बोलले व केले गेले असेल की एकेक दोष उकरल्याने भांडण वाढतच जाईल, तर दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन सारे दोष एकदम मान्य करावेत आणि त्यावर गवत पसरावे. शिक्षक-खोलीतील निम्मी भांडणे याच मार्गाने मिटवावीत, असे अनुभवाने मी म्हणेन.

मात्र या मार्गाला दोन अपवाद त्याच ठिकाणी नोंदवले आहेत : गंभीर दोष आणि गृहस्थांशी संबंधित दोष. संघाच्या आत काय चालले ते संघ झाकू शकतो, पण जे भारी आहे किंवा ज्यात संघाबाहेरच्या माणसाचा संबंध आला, ते गवताने झाकता येत नाही.

संस्थाचालकांनी, आणि आपणा सर्वांनी, हा अपवाद पाठ करावा. कर्मचाऱ्याने मुलाला मारले, मुलीशी गैरवर्तन केले, मुलांच्या अंगावर हात टाकला, तर तो ‘आपल्या संस्थेचा अंतर्गत मामला’ राहत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा तर याहून पुढे जातो. असा अपराध घडल्याचे समजले की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या व्यक्तीविषयी ते कळवत नसेल, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. आधी अंतर्गत समिती नेमू, खरे-खोटे करू, मग बघू, ही सवड कायदा देत नाही. वर ज्या संथ, नियमबद्ध चौकशीचा मी पुरस्कार केला, ती नोकरीविषयीची चौकशी आहे आणि ती तिच्या गतीने होईल. मुलाची सुरक्षितता आणि पोलिसांना कळवणे ही त्याच दिवशीची गोष्ट आहे. या दोन गोष्टींची गल्लत करणारा प्रमुख कितीही सौम्य, कितीही धम्मनिष्ठ असला, तरी तो शिळा लावणाऱ्यांतच जमा होतो. इथे कोंडली जाते ती मुलाची तक्रार.

महिला सहकाऱ्यांच्या बाबतीत २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. समितीच्या नावांचा फलक आपल्या शाळेत कोठे लावला आहे, ते या स्मरणिकेचे वाचक शाळेला भेट देतील तेव्हा अवश्य पाहावे.

‘संस्थेची बदनामी होईल’ हे वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. आपल्या संस्था कष्टाने, चिल्लर वर्गणीतून, समाजाच्या घामातून उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी विरोधकांना बोलण्याची संधी मिळू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेविषयी इशारा दिला होता, आणि तो आपल्या संस्थांनाही लागू आहे. संस्थापकांचे चित्र भिंतीवर आहे म्हणून त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, असे होत नाही. स्वतः बुद्धांनी आपल्यामागे कोणा एका भिक्खूला गादी दिली नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे आनंदाला सांगितले.

उपासकांची भिक्षा

कोसंबीत अखेर भांडण मिटले ते उपासकांमुळे, हे वर आलेच आहे. आपल्या शाळांचे उपासक म्हणजे पालक आणि माजी विद्यार्थी. पण दोघांची परिस्थिती सारखी नाही. सालेकसा किंवा देवरीच्या डोंगराळ पाड्यांतून आलेला बाप वर्षातून दोनदा शाळेत येतो, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. काही खटकले तरी तो मुख्याध्यापकांसमोर खुर्चीवर बसत नाही. उभ्या उभ्या एवढेच म्हणतो, “गुरुजी, पोरीले घरी नेतो.” भिक्षा थांबवण्याची त्याची ही एकच रीत आहे आणि तिची किंमत मुलगी भरते. हजेरीपत्रकात ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्याच्या मागे कोणाचे वर्तन होते, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते, दिवाळीनंतर परत न आलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी प्रमुखाने स्वतः जावे आणि एकट्याने न जाता एका महिला सहकाऱ्याला घेऊन जावे.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या तपासणीवर नेमके बोट ठेवले होते. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा येऊन उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी आणि कधी कधी पूर्वसूचना न देता शाळेला भेट द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाला नांगराच्या मुठीला हात लावण्याची लाज वाटू नये, त्याने सामान्य लोकांत मोकळेपणाने मिसळावे, हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. तपासणी आणि मिसळणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच कागदावर लिहिल्या, हे मला अर्थपूर्ण वाटते. माजी विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनाला फेटा बांधून यावे, हे छानच. पण एखाद्या साध्या मंगळवारी, न कळवता, मुलांच्या पंगतीत जेवायला बसावे. त्या दिवशीचे वरण पुष्कळ काही सांगते.

प्रवारणा

वर्षावासाच्या शेवटी, आश्विन पौर्णिमेला, भिक्खू संघ प्रवारणा करतो. तीन महिने एकत्र राहिल्यानंतर प्रत्येक भिक्खू संघासमोर बसून विनंती करतो की, माझ्याबाबत काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगा. सर्वांत ज्येष्ठ भिक्खू प्रथम विनंती करतो. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात स्वतः बुद्धांनी पाचशे भिक्खूंसमोर ती विनंती केल्याची नोंद आहे. जगातील कोणत्या प्रशासन-प्रशिक्षणात प्रमुखाला असे आधी बसवले जाते, हे मला ठाऊक नाही.

तेलाच्या डब्यांच्या प्रसंगानंतर काही वर्षांनी त्याच शाळेत मी प्रभारी मुख्याध्यापक झालो, तेव्हा आश्विन पौर्णिमेच्या सायंकाळी सर्व सहकाऱ्यांची बैठक बोलावली. शिक्षक, अधीक्षिका, लिपिक, शिपाई, स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी असे सारेजण सतरंजीवर गोलाकार बसलो. प्रथम मीच हात जोडून विचारले. कोणी काही बोलले नाही. लिपिकाने ‘सर्व ठीक आहे, सर’ असे म्हटले आणि आम्ही खीर खाऊन उठलो. त्या रात्री मला वाटले की हा सारा देखावा झाला. पुढच्या वर्षी पुन्हा बैठक घेतली. यावेळी प्रश्न विचारण्याआधी, गेल्या वर्षभरातील माझ्या तीन चुका मी नोंदवहीतून वाचून दाखवल्या. त्यांतील एक चूक तर उपस्थितांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती.

बराच वेळ शांतता होती. मग भिंतीजवळ बसलेल्या मावशी, वरणाच्या गंजात पळी ठेवून गप्प राहिलेल्या त्याच मावशी, बसल्या जागेवरून म्हणाल्या, “सर, मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या दाराचा दिवा पोळ्यापासून बंद आहे. मी दोनदा सांगितलं. रात्री पोरी त्या बाजूला जात नाहीत, पाणी न पिता झोपतात.”

मी कोणाकडेही पाहिले नाही. वही उघडली, तारीख घातली आणि ते वाक्य त्यांनी सांगितले तसेच लिहून घेतले. त्याखाली मावशींनी सही केली. त्यांना सही येत होती, हे मला त्या दिवशी कळले. पहारेकरी उठला, भांडारातून बल्ब आणि शिडी घेऊन आला. बैठक अर्धवट ठेवून आम्ही सगळे मागच्या दाराशी गेलो.